बाख यांचे ऑर्गनसंगीत आणि लिओपोल्ड स्तोकोव्स्की यांची वाद्यवृंदरूपांतरे : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा इतिहास प्रामुख्याने संगीतकार आणि त्यांच्या मूळ कृती यांच्याभोवती लिहिला गेला आहे. एका वाद्यासाठी रचलेली कृती दुसऱ्या वाद्यासाठी किंवा संपूर्ण वाद्यवृंदासाठी नव्याने मांडली गेली, तर अशा रूपांतरास या इतिहासात बहुधा दुय्यम स्थान मिळते. तथापि एखादी कृती कोणत्या काळात, कोणत्या साधनांनी आणि कोणत्या श्रोत्यांसाठी पुन्हा घडविली गेली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास टाळता येत नाही. त्या दृष्टीने वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्तोकोव्स्की (१८८२–१९७७) यांनी योहान सेबास्तियन बाख (१६८५–१७५०) यांच्या ऑर्गनरचनांची केलेली वाद्यवृंदरूपांतरे हे एक महत्त्वाचे उदाहरण आहे.

ही रूपांतरे विसाव्या शतकात अफाट लोकप्रिय झाली आणि त्याच शतकात ती अभिरुचिहीन म्हणून त्याज्यही ठरविली गेली. त्यांच्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, ती मूळ कृतीशी प्रामाणिक नाहीत. या आक्षेपाचा निवाडा करण्यापूर्वी स्तोकोव्स्की यांच्यासमोर 'मूळ' म्हणून नेमके काय होते, हे तपासणे आवश्यक आहे. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे आहे की, स्तोकोव्स्की यांनी वाद्यवृंदात उतरविला तो बाखकालीन ऑर्गन नव्हे. तो त्यांच्या स्वतःच्या काळातील, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेला ऑर्गन होता. म्हणून ही रूपांतरे बाखविषयी जेवढे सांगतात, त्याहून अधिक १९०० ते १९४० या काळातील श्रवणसंस्कृतीविषयी सांगतात.

१. ऑर्गन : वाद्य आणि त्याचा इतिहास

मराठी वाचकास 'ऑर्गन' म्हटले की संगीत नाटकाच्या साथीतील पायपेटी आठवते. तिच्यात भात्याच्या हवेने धातूच्या पत्त्या कंप पावतात. युरोपातील चर्चमधील ऑर्गन हे वाद्य याहून पूर्णतः भिन्न आहे. त्यात लहानमोठ्या शेकडो, प्रसंगी हजारो नळ्या असतात आणि प्रत्येक नळी एकच स्वर देते. एकाच जातीच्या नळ्यांच्या रांगेस 'स्टॉप' म्हणतात. वादक हव्या त्या रांगा खुल्या करतो आणि हातांच्या दोन-तीन पट्ट्यांवर व पायांच्या एका पट्टीवर वादन करतो. आठ फुटी म्हणून ओळखली जाणारी रांग लिहिलेलाच स्वर देते; सोळा फुटी रांग तोच स्वर एक सप्तक खाली, तर चार फुटी रांग एक सप्तक वर देते. त्यामुळे एक पट्टी दाबताच तीन-चार सप्तकांतील स्वर एकदम उमटू शकतात.

या वाद्याची दोन वैशिष्ट्ये पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहेत. पहिले असे की, पट्टी दाबलेली असेपर्यंत स्वर अखंड व समान राहतो. गायकाचा श्वास किंवा व्हायोलिनचा गज यांना असणारी मर्यादा त्यास नाही. दुसरे असे की, पट्टी हळू दाबली काय किंवा जोराने दाबली काय, स्वराचा लहानमोठेपणा बदलत नाही. बाखकालीन जर्मन ऑर्गनवर आवाज वाढवायचा झाल्यास नव्या रांगा जोडाव्या लागत. म्हणून त्या काळातील ध्वनिबदल पायऱ्यांसारखे होते. आवाज सावकाश चढत वा उतरत जाणे शक्य नव्हते. हांबुर्ग येथील सेंट याकोबी चर्चमधील आर्प श्निटगर यांचा १६९३ मधील ऑर्गन किंवा फ्रायबेर्ग कॅथेड्रलमधील गॉटफ्रीड झिल्बरमान यांचा १७१४ मधील ऑर्गन ही या परंपरेची नामांकित उदाहरणे होत. त्यांचा ध्वनी स्वच्छ, धारदार आणि प्रत्येक स्वरवाट वेगळी ऐकू येईल असा आहे.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. काही नळ्या झडपांच्या पेटीत ठेवून पायाने त्या झडपा उघडण्याची सोय इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभीच झाली होती. ती आता मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली. पॅरिसजवळील सेंट देनी येथे आरिस्तीद कावाये-कोल यांनी १८४१ मध्ये पूर्ण केलेल्या ऑर्गनमध्ये हवेच्या दाबाच्या साहाय्याने पट्ट्यांचा जडपणा दूर करण्यात आला. नंतर विजेचाही उपयोग होऊ लागला. ऑर्गनचा आवाज आता सलगपणे वाढू व ओसरू लागला, त्यात व्हायोलिन, ओबो, शिंग यांच्या ध्वनींचे अनुकरण करणाऱ्या रांगा आल्या. थोडक्यात, ऑर्गन स्वतःच वाद्यवृंदासारखा होऊ पाहत होता. इंग्लंडमध्ये नगरसभागृहांतून मोठे ऑर्गन बसविले गेले आणि जेथे वाद्यवृंद पोहोचत नसे तेथील नागरिकांना वाद्यवृंदाच्या रचना ऑर्गनवर ऐकविल्या जाऊ लागल्या. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमधील वादक डब्ल्यू. टी. बेस्ट हे अशा रूपांतरांसाठी प्रसिद्ध होते. वाद्यवृंद आणि ऑर्गन यांच्यामधील वाट अशा रीतीने स्तोकोव्स्की यांच्या आधीच मळलेली होती. त्यांनी त्या वाटेवरून उलट दिशेने प्रवास केला.

२. स्तोकोव्स्की यांची जडणघडण

लिओपोल्ड स्तोकोव्स्की यांचा जन्म १८ एप्रिल १८८२ रोजी लंडन येथे झाला. वडील पोलिश वंशाचे, फर्निचर बनविण्याच्या व्यवसायातील कारागीर होते. १८९६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आत, त्यांना रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये प्रवेश मिळाला. १९०२ मध्ये ते लंडनमधील सेंट जेम्स, पिकॅडिली या चर्चचे ऑर्गनवादक झाले, १९०३ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची संगीत पदवी घेतली आणि १९०५ मध्ये न्यूयॉर्क येथील सेंट बार्थोलोम्यू चर्चमध्ये ते ऑर्गनवादक म्हणून रुजू झाले. १९०९ मध्ये सिनसिनाटी वाद्यवृंदाचे आणि १९१२ मध्ये फिलाडेल्फिया वाद्यवृंदाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. फिलाडेल्फिया वाद्यवृंदाशी असलेला त्यांचा संबंध सुमारे तीन दशके टिकला.

या तपशिलांतून एक गोष्ट स्पष्ट होते. वाद्यवृंदाच्या व्यासपीठावर येण्यापूर्वी स्तोकोव्स्की यांनी बाख यांचे संगीत स्वतःच्या हातापायांनी वाजविले होते. मात्र ते विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी व अमेरिकी ऑर्गनवर. फिलाडेल्फियामध्येही त्यांच्या परिसरात याच परंपरेचे टोकाचे उदाहरण उभे होते. १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनासाठी बांधलेला दहा हजारांहून अधिक नळ्यांचा ऑर्गन जॉन वॉनामेकर यांच्या विभागीय भांडारात आणला गेला आणि १९११ मध्ये तेथे प्रथम वाजला. पुढे त्याचा विस्तार होऊन नळ्यांची संख्या अठ्ठावीस हजारांपलीकडे गेली. १९१९ मध्ये स्तोकोव्स्की व फिलाडेल्फिया वाद्यवृंद यांनी ऑर्गनवादक चार्ल्स कूर्बाँ यांच्यासमवेत याच भांडारात सहस्रावधी श्रोत्यांपुढे कार्यक्रम सादर केला. एका दुकानाच्या दालनात सर्वसामान्य नागरिक ऑर्गन आणि वाद्यवृंद एकत्र ऐकतात, ही घटना त्या काळाच्या अभिरुचीची पुरेशी साक्ष आहे.

३. रूपांतरांचे स्वरूप

स्तोकोव्स्की यांनी बाख यांच्या सुमारे चाळीस रचनांची रूपांतरे केली. त्यांत ऑर्गनबरोबरच व्हायोलिन व कंठसंगीताच्या रचनाही आहेत. ऑर्गनकृतींपैकी डी मायनरमधील टोकाटा व फ्यूग (बाखकृतींच्या सूचीत क्रमांक ५६५), सी मायनरमधील पासाकालिया व फ्यूग (क्रमांक ५८२) आणि जी मायनरमधील 'लहान' फ्यूग (क्रमांक ५७८) ही तीन विशेष गाजली. या कामात वाद्यवृंदातील क्लॅरिनेटवादक व रूपांतरकार लुसिएँ काये यांचा वाटा किती, याविषयी वाद झाला आहे. कागदावरील लेखनात त्यांचे साहाय्य घेतले गेले असले, तरी या रूपांतरांमागील ध्वनिकल्पना स्तोकोव्स्की यांच्या वादनपद्धतीशी इतकी एकरूप आहे की तिचे कर्तृत्व त्यांच्याकडेच जाते.

'लहान' फ्यूगचे उदाहरण घेऊ. फ्यूग या रचनाप्रकारात एक विषय प्रथम एकटा येतो आणि नंतर निरनिराळ्या स्वरवाटा तोच विषय क्रमाने उचलतात. प्रस्तुत रचनेत विषय वरून खाली, चार वाटांतून प्रवेश करतो. ऑर्गनवर हे चारही प्रवेश बहुधा एकाच ध्वनिरंगात ऐकू येतात. स्तोकोव्स्की यांनी पहिला प्रवेश ओबोला, दुसरा कोर आंग्लेला आणि पुढील प्रवेश बसून व अधिक मंद्र काष्ठवाद्यांना दिले. श्रोत्यास संगीतलेखन वाचता येत नसले, तरी रंग बदलल्यामुळे विषय पुन्हा आला हे त्याच्या ध्यानी येते. पुढे एकेक वाद्यगट मिळत जातो आणि अखेरीस संपूर्ण वाद्यवृंद निनादतो. यातील पहिला भाग विश्लेषणाचा आहे. तो फ्यूगची घडण उलगडून दाखवितो. दुसरा भाग मात्र बाखकालीन ऑर्गनवर अशक्य असलेल्या सलग चढत्या आवाजाचा आहे.

टोकाटामध्ये ऑर्गनच्या ध्वनीचे अनुकरण अधिक सूक्ष्म आहे. एकच स्वरपंक्ती तंतुवाद्यांच्या गटांत विभागून ती अनेक सप्तकांत एकाच वेळी वाजविणे हे सोळा, आठ व चार फुटी रांगांचे प्रतिरूप होय. टोकाटाच्या आरंभी खालच्या 'डी'वर एकेक स्वर रचत जाणारी विसंवादी स्वरसंहती येते. तेथे ऑर्गनमध्ये दाबून धरलेल्या पट्ट्यांचे काम निरनिराळी वाद्ये करतात. पायपट्टीचे स्वर डबल बास, काँट्राबसून आणि ट्यूबा यांच्याकडे जातात. हार्प व सेलेस्टा यांचा उपयोग मात्र ऑर्गनच्या अनुकरणात बसत नाही. तो स्तोकोव्स्की यांचा स्वतःचा रंग आहे.

या संदर्भात त्यांच्या 'मुक्त गजचालनाचा' उल्लेख अपरिहार्य आहे. सामान्यतः वाद्यवृंदातील सर्व व्हायोलिनवादकांचे गज एकाच वेळी एकाच दिशेने फिरतात आणि दिशा बदलताना स्वरात किंचित खंड पडतो. स्तोकोव्स्की यांनी प्रत्येक वादकास आपल्या सोयीने गज बदलण्याची मुभा दिली. परिणामी कोणत्याही क्षणी काही गज वळत असले तरी बाकीचे चालू राहतात आणि एकत्रित ध्वनी अखंड वाहतो. फिलाडेल्फियाच्या अकॅडेमी ऑफ म्युझिक या सभागृहात (१८५७) ध्वनी फारसा घुमत नसे. दगडी चर्चमधील घुमारा तेथे वादकांनाच निर्माण करावा लागे. 'फिलाडेल्फिया ध्वनी' म्हणून जो पुढे ओळखला गेला, त्याच्या मुळाशी एका ऑर्गनवादकाच्या कानाची ही गरज होती, असे म्हणण्यास आधार आहे.

४. समकालीन रूपांतरे : तुलनात्मक विचार

बाख यांच्या ऑर्गनरचना वाद्यवृंदासाठी मांडणारे स्तोकोव्स्की एकटे नव्हते. १९२० ते १९३० या दशकात अनेक श्रेष्ठ संगीतकार या कामाकडे वळले. एडवर्ड एल्गार यांनी सी मायनरमधील फ्यूग १९२१ मध्ये व त्याची फँटेशिया १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी रचली. बाख यांच्या हाती आधुनिक वाद्यवृंद असता तर त्यांनी तो किती वैभवाने वापरला असता, हे दाखविण्याचा त्यांचा हेतू होता. आर्नल्ड शोनबर्ग यांनी १९२२ मध्ये दोन कोरालपूर्वरंग आणि १९२८ मध्ये ई फ्लॅट मेजरमधील प्रिल्यूड व फ्यूग यांची रूपांतरे केली. त्यांची भूमिका वेगळी होती : ऑर्गनवर परस्परांत मिसळून जाणाऱ्या स्वरवाटा व लहान स्वराकृती स्पष्ट ऐकू याव्यात, यासाठी त्यांना वाद्यवृंदाचे रंग हवे होते. ओत्तोरिनो रेस्पिगी यांनी १९३० मध्ये आर्तुरो तोस्कानिनी यांच्यासाठी पासाकालियाचे रूपांतर केले.

ब्रिटिश संचालक हेन्री वुड यांचा अनुभव या काळातील समीक्षेवर प्रकाश टाकतो. बाख यांच्या रचनांची आपण केलेली रूपांतरे समीक्षक नापसंत करतात असे दिसल्यावर त्यांनी १९२९ मध्ये डी मायनर टोकाटा व फ्यूगचे आपले रूपांतर 'पॉल क्लेनोव्स्की' या काल्पनिक, अल्पवयात निवर्तलेल्या रशियन संगीतकाराच्या नावावर सादर केले. ते वाखाणले गेले. काही वर्षांनी वुड यांनी खरे कर्तृत्व जाहीर केले. रूपांतराविषयीचे मत ध्वनीवर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ते रूपांतरकाराच्या प्रतिमेवरही असते, हा यातून निघणारा बोध स्तोकोव्स्की यांनाही लागू पडतो. त्यांचे दिमाखदार व्यक्तिमत्त्व आणि चित्रपटातील वावर यांमुळे त्यांच्या कामाकडे गंभीरपणे पाहणे अनेकांना कठीण गेले.

एल्गार व शोनबर्ग हे प्रथमतः रचनाकार होते. त्यांची रूपांतरे लिखित कृती म्हणून सिद्ध झाली. स्तोकोव्स्की यांची रूपांतरे संचालकाच्या सरावातून घडली आणि अनेक वर्षे ती त्यांच्याच वाद्यवृंदापुरती राहिली. त्यांपैकी काहींच्या संहिता १९५० नंतर प्रकाशित झाल्या. म्हणून त्यांच्या अभ्यासाचे प्रमुख साधन मुद्रित संहिता हे नसून ध्वनिमुद्रण हे आहे.

५. ध्वनितंत्र आणि प्रसार

१९२५ पूर्वी ध्वनिमुद्रण कर्ण्याद्वारे होत असे. त्यात ऑर्गनचे मंद्र स्वर जवळजवळ उमटतच नसत. त्या वर्षी मायक्रोफोनवर आधारित विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि वाद्यवृंदाचा विस्तार प्रथमच तबकडीवर मावू लागला. एप्रिल १९२७ मध्ये स्तोकोव्स्की व फिलाडेल्फिया वाद्यवृंद यांनी व्हिक्टर कंपनीसाठी डी मायनर टोकाटा व फ्यूगचे ध्वनिमुद्रण केले. सुमारे नऊ मिनिटांची ही रचना एका तबकडीच्या दोन बाजूंत बसली. ज्यांनी मोठा ऑर्गन कधी ऐकला नव्हता, अशा घरांत बाख यांची ऑर्गनरचना या रूपाने पोहोचली.

यापुढील टप्पे तितकेच लक्षणीय आहेत. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी फिलाडेल्फियात वाजत असलेला वाद्यवृंद तीन स्वतंत्र मार्गांनी वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकविला. फिलाडेल्फियात संचालन अलेक्झांडर स्मॉलन्स करीत होते, तर स्तोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये ध्वनिनियंत्रणाच्या यंत्रापाशी बसले होते. त्या कार्यक्रमाची सुरुवात याच टोकाटाने झाली. पुढे वॉल्ट डिस्ने यांच्या 'फँटेशिया' या चित्रपटाचा (१३ नोव्हेंबर १९४०) आरंभही त्यानेच झाला. त्याचे ध्वनिमुद्रण १९३९ मध्ये अकॅडेमी ऑफ म्युझिकमध्ये अनेक स्वतंत्र ध्वनिपट्टांवर करण्यात आले आणि 'फँटासाउंड' या यंत्रणेमुळे ध्वनी चित्रपटगृहात चोहोबाजूंनी फिरविता येऊ लागला. यंत्रणा खर्चिक असल्याने ती मोजक्याच ठिकाणी बसविली गेली.

वॉशिंग्टनमधील यंत्रापाशी बसून मंद्र व तार ध्वनींचे प्रमाण हातांनी बदलणारा संचालक आणि स्टॉप ओढून ध्वनी घडविणारा ऑर्गनवादक यांच्यातील साम्य उघड आहे. स्तोकोव्स्की यांच्या दृष्टीने ऑर्गन, वाद्यवृंद व ध्वनियंत्र ही एकाच कामाची तीन साधने होती.

६. मूळ, प्रामाणिकपणा आणि आक्षेप

विसाव्या शतकाच्या मध्यापासून वारे बदलले. जुन्या ऑर्गनच्या जतनाचा आग्रह अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मधील पुस्तिकेतच धरला होता. निकोलाउस हार्नोनकूर्त यांनी १९५३ मध्ये स्थापिलेल्या व्हिएन्नातील वाद्यसमूहासारख्या प्रयत्नांमुळे ऐतिहासिक वाद्ये आणि वादनपद्धती यांवर आधारित सादरीकरण रूढ झाले. या चळवळीने बाख यांच्या संगीतातील स्पष्टता व नृत्यलय पुन्हा कानांवर आणली. तिचे हे ऋण निर्विवाद आहे. तिच्या दृष्टीने स्तोकोव्स्की यांची रूपांतरे फुगविलेली व भावविवश ठरली. याउलट तत्त्वज्ञ टी. डब्ल्यू. आडोर्नो यांनी १९५१ मध्ये बाखभक्तांपासून बाखचा बचाव करणाऱ्या निबंधात काटेकोर ऐतिहासिकतेवर टीका करून शोनबर्ग व वेबर्न यांच्या रूपांतरांची बाजू घेतली.

प्रामाणिकपणाच्या कसोटीपुढे काही अडचणी आहेत. पहिली अशी की, बाख स्वतः रूपांतरकार होते. वायमार येथे असताना त्यांनी विवाल्डी यांच्या व्हायोलिन कन्चेर्टोंची ऑर्गनसाठी रूपांतरे केली. त्याहून बोलके उदाहरण १७३१ मधील २९ व्या कँटाटाचे आहे : एकट्या व्हायोलिनसाठी रचलेला ई मेजर पार्टिटाचा प्रिल्यूड त्यांनी तेथे ऑर्गन, ट्रंपेट व नगाऱ्यांसह वाद्यवृंदास दिला. दुसरी अडचण डी मायनर टोकाटाच्या संहितेची आहे. बाख यांच्या हस्ताक्षरातील प्रत उपलब्ध नाही. सर्वांत जुनी प्रत योहानेस रिंक यांनी केलेली आहे आणि छापील आवृत्ती १८३३ मध्ये आली. १९८१ मध्ये पीटर विल्यम्स यांनी ही रचना बाख यांचीच आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला आणि ती मुळात व्हायोलिनसाठी असावी, अशी शक्यता मांडली. क्रिस्टोफ वोल्फ यांच्यासारखे अभ्यासक ती बाख यांच्या तरुणपणातील कृती मानतात. हा वाद मिटलेला नाही. विल्यम्स यांची शक्यता खरी असेल, तर ज्यास आपण मूळ ऑर्गनकृती म्हणतो तेही एक रूपांतरच ठरते.

यावरून कोणतेही रूपांतर समर्थनीय आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. स्तोकोव्स्की यांच्या सादरीकरणात लय अनेकदा इतकी सैल होते की फ्यूगची बांधणी ढळते आणि अखेरच्या महाध्वनीत आतील स्वरवाटा बुडून जातात. १९२७ पासून १९७२ मधील प्राग येथील ध्वनिमुद्रणापर्यंत त्यांनी टोकाटा वारंवार ध्वनिमुद्रित केला. त्या ध्वनिमुद्रणांची तुलना केल्यास गुण व दोष दोन्ही पडताळता येतात. आक्षेप घ्यायचा तो अशा ऐकू येणाऱ्या तपशिलांवर घ्यावा. 'ऑर्गनसाठी लिहिलेले वाद्यवृंदाने वाजविले' एवढ्याच कारणावरून तो घेता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) स्तोकोव्स्की यांच्या रूपांतरांतील सलग चढउतार, घनदाट स्वरभार व अखंड ध्वनी ही एकोणिसाव्या शतकानंतरच्या ऑर्गनची लक्षणे आहेत. त्यांच्या पिढीला बाख ज्या वाद्यातून भेटले, त्या वाद्याशी ही रूपांतरे प्रामाणिक आहेत.

२) विद्युत ध्वनिमुद्रण, बहुमार्गी ध्वनिप्रक्षेपण व चित्रपट या तिन्ही तंत्रांच्या आरंभीच्या टप्प्यांवर डी मायनर टोकाटाचे हे रूपांतर उपस्थित आहे. संगीताच्या व तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा एकत्र अभ्यास येथे आवश्यक ठरतो.

३) 'मूळ कृती' ही कल्पनाही ऐतिहासिक आहे. संहिता, वाद्य आणि श्रवणाची सवय यांपैकी कशास मूळ मानावयाचे, हे प्रत्येक पिढीने वेगळे ठरविले आहे.

१९९० नंतर फिलाडेल्फिया वाद्यवृंदाने वोल्फगांग सावालिश यांच्या संचालनाखाली आणि लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने एसा-पेक्का सालोनेन यांच्या संचालनाखाली ही रूपांतरे पुन्हा ध्वनिमुद्रित केली; स्तोकोव्स्की यांचे एकेकाळचे सहकारी होसे सेरेब्रिएर यांनीही ती सादर केली. ऐतिहासिक वाद्यांवरील बाख ज्यांच्या परिचयाचा आहे, असे श्रोतेही आता ती ऐकतात. त्यांना ती बाख यांच्या जागी उभी केलेली वाटत नाहीत. बाख यांच्याकडे पाहणाऱ्या एका काळाचा दस्तऐवज म्हणून ती ऐकू येतात. इतिहासाच्या अभ्यासकाने या रूपांतरांना स्थान द्यावयाचे ते याच भूमिकेतून.